व्हायवाच्या दिवशी सरगुंडे

नाशिकचे डॉ. वडनेरे पीएच.डी.चा प्रबंध पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, ही बातमी माझ्या गाईडनी फोनवर दिली तेव्हा मी मटकी निवडत होते. ताट खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून बसले. प्रबंध वाचणारा माणूस! आजवर माझा प्रबंध वाचला होता कोणी? गाईडनी चाळला होता. टाइप करणाऱ्याने टाइप केला होता, पण त्याने आधीच बजावलं होतं, "मॅडम, मी वाचत नाई, फक्त मारतो." नवऱ्याने अर्पणपत्रिका वाचली होती, कारण तीत त्याचं नाव होतं. आणि मी स्वतः? मी लिहिला होता. लिहिणं वेगळं आणि वाचणं वेगळं, हे लिहिणाऱ्यालाच कळतं.

"घाबरू नका गावंडे मॅडम," धर्माळे सर म्हणाले. उत्तमराव धर्माळे म्हणजे माझे गाईड. अमरावतीच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात. "बाहेरून येणारे परीक्षक कडक आहेत, पण सज्जन माणूस आहे. मागं एका उमेदवाराने स्वतःच उठून सांगितलं, सर, मी पुन्हा लिहून आणतो. त्यांनी कुणाला तसं म्हणायला लावलं नाही हो!"

हा धीर होता. यापुढे मला झोप लागणं शक्यच नव्हतं.

माझा विषय वऱ्हाडातल्या लग्नाच्या पंगती आणि तिथे वाया जाणारं अन्न. त्यासाठी मी अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या कितीतरी लग्नांत उष्ट्या ताटांच्या ढिगाशेजारी वजनकाटा घेऊन उभी राहिलेय. लोकांनी मला डुकरं पाळणारी समजलं, सरकारी समजलं. एका ठिकाणी तर नवरदेवाच्या जुन्या भानगडीतली बाई समजून त्याच्या मामांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि हात जोडून म्हणाले, "बाई, आज तमाशा नको." हे सगळं मी सोसलं. अंगाला कढीचा वास लागला तो सोसला. पण बोलायची वेळ आली की माझं सगळं बळ सरतं.

तशी मी बोलत नाही असं कुणी म्हणणार नाही. ज्युनिअर कॉलेजच्या वर्गात मी तासभर बोलते, भाजीवाल्याशी बोलते, घरात तर मी बोलायची थांबले की नवरा विचारतो, काय झालं? पण समोर दोन माणसं फाइल उघडून बसली, की घशात काहीतरी अडकतं आणि "म्हणजे" एवढा एकच शब्द बाहेर पडतो. प्रबंध सादर करण्याआधीच्या सेमिनारमध्ये मी "म्हणजे" म्हणाले, पाणी प्यायले, परत "म्हणजे" म्हणाले आणि खाली बसले. धर्माळे सरांनी "मॅडमची तब्येत बरी नाही" म्हणून वेळ मारून नेली. आता व्हायवाच्या तोंडी परीक्षेतही तशीच गप्प बसले, तर एवढ्या वर्षांची उस्तवार मातीत जाणार होती. आणि हे प्रकरण मला माझ्यापुरतं ठेवताही येत नव्हतं, कारण सासूबाईंनी "सून डाक्टर होऊन राह्यली" हे अंजनगाव सुर्जीपर्यंत सगळ्या नातेवाइकांत पोचवलं होतं. तिथले एक चुलत सासरे गुडघा दाखवायला येऊनही गेले.

घरात भीतीवर इलाज सुरू झाले. माझी लेक आचल इंजिनिअरिंगला आहे. तिने मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं. त्यातली बाई अत्यंत शांत आवाजात सांगते, श्वास घ्या, धरून ठेवा, हळूच सोडा. मी स्वयंपाकघरात डोळे मिटून श्वास धरून ठेवला तेव्हा दूध उतू गेलं. मी ओरडले. बाई म्हणाली, आता तुम्हाला हलकं वाटत असेल.

माझा नवरा योगेश वीज कंपनीच्या ऑफिसात आहे. त्याचा स्वभाव थंड. म्हणाला, "काहून एवढं टेन्शन घेऊन राहिली तू? तुले जेवढं येते तेवढं त्याईले येते का?"

"अहो, त्यांनी पूर्ण वाचलाय!"

"मंग तू बी वाच ना एकदा."

मी संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या ते लक्षात आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

सासूबाईंना, म्हणजे मैनाबाईंना, व्हायवा समजावून सांगायला बराच वेळ गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंजे तो मानूस येईन, तुले इचारन, तू सांगशीन अन् तो आपल्या गावाले जाईन. यात भेवाचं काय हाये वं? मले पाहाले आल्ते तवा अख्खं गाव इचाराले बसलं होतं. मी सांगतलं ना सगळं."

"तुम्हाला काय विचारलं होतं?"

"नाव."

आता आमच्या शेजाऱ्यांविषयी सांगायला हवं. मोतीरामजी इंगोले एसटीतून निवृत्त झालेत. सगळी नोकरी अकोला डेपोत माईकसमोर गेली, त्यामुळे घरात चहा मागतात तोही फलाटावर गाडी लागल्याची घोषणा केल्यासारखा. माझी भीती त्यांच्या कानावर गेली तशी ते स्वतः आले. "वहिनी, भीती मोडाची असली का मानसाईसमोर उभं राहा लागते. आपन रंगीत तालीम घेऊ. मी परीक्षक होतो." मी नको म्हटलं. पण मोतीरामजींनी एकदा घोषणा केली की गाडी सुटतेच.

कॉलनीतल्या मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात तालीम ठरली. मे महिना, अकोल्याचं ऊन, दगडी फरशी संध्याकाळीही चटके देत होती, आणि मोतीरामजी कोट घालून आले. सगळी कॉलनी आली. बायकांनी येताना चिवडा आणला. पहिला प्रश्न एका आजोबांनी विचारला, पंगतीत आधी मीठ वाढावं की चटणी? मी म्हटलं, हे माझ्या विषयात नाही. ते म्हणाले, "मंग पंगतीवर कायले लिवलं?" लोकांना ते पटलं. पण मी बोलत होते! घशात काही अडकलं नव्हतं. माझा जीव जरासा भांड्यात पडला.

इतक्यात मोतीरामजी उठले. त्यांनी कोटाची बटणं लावली. "वहिनी, एक प्रश्न माहा. आमच्या पोरीच्या, करिश्माच्या लग्नात तुमी काटा घिऊन उभ्या होत्या. मले वाटलं, उरलेली बुंदी मोजून राह्यल्या. तो काटा कायचा होता?"

मी म्हटलं, "संशोधनाचा."

"मंग आमच्या लग्नात किती वाया गेलं?"

आता काय सांगायचं होतं? मी पाहिलेल्या लग्नांमध्ये करिश्माच्या लग्नाचा नंबर पहिला होता. इतकं अन्न कुठेच गेलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "म्हणजे..."

मग पाणी प्यायले. मग पुन्हा म्हणाले, "म्हणजे..."

कॉलनीला जे समजायचं ते समजलं. मोतीरामजी घरी निघून गेले. त्यांच्या बायकोने चिवड्याचा डबा अर्धा भरलेला असूनही परत नेला. भीती मोडली नव्हती ती नव्हतीच, वर शेजार मोडला.

दोन दिवस त्यांच्या घराची खिडकी आमच्या बाजूने बंद राहिली. तिसऱ्या दिवशी मोतीरामजी फाटकाशी उभे राहून योगेशला म्हणाले, "परीक्षा खुली हाये ना? नोटीशीत लिवलं हाये ना का कोनीबी यावं, कोनीबी इचारावं? मंग मी येतो. मले इचाराचंच हाये."

हे खरं होतं. पीएच.डी.ची व्हायवा खुली असते, तशी सूचना निघते, श्रोत्यांनाही प्रश्न विचारता येतात. सगळ्या जगात ही सूचना कोणी वाचत नाही. आमच्या कॉलनीने वाचली. आणि आमच्याकडे एवढ्या मोठ्या कामाला माणसाला एकटं सोडायची रीत नाही. दवाखाना असो, कोर्ट असो, सोबत गाडीभर लोक जातात. योगेशने क्रूझर जीप ठरवली. सासूबाई, आचल, कॉलनीतल्या चार बायका, त्यांत मोतीरामजींच्या घरच्या चिवडावाल्या वहिनीसुद्धा, आणि भांडायला येणारे मोतीरामजी. त्यांना खिडकीची जागा आम्हीच दिली. रुसलेल्या माणसाला खिडकी द्यावीच लागते.

तो दिवस उजाडला. दुपारी अमरावतीला व्हायवा होती. सकाळी मी आंघोळ करून निघते तोच धर्माळे सरांचा फोन.

"मॅडम, जरा घोळ झालाय. अमरावतीला यायचं तर बडनेऱ्याला उतरायला हवं, पण वडनेरे सरांचं तिकीट मी अकोल्याचं काढलं. फॉर्मवर तुमचा पत्ता समोर होता ना. ते आत्ता अकोला स्टेशनवर उतरताहेत. तुमची गाडी येतेच आहे, तर त्यांना घेऊन या. पण हे बघा, उमेदवाराने परीक्षकाला भेटायचं नसतं. नियम आहे. तुम्ही त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही. खरं म्हणजे मी तुम्हाला फोन केलेलाच नाही."

योगेश स्टेशनवर गेला. त्याने सरळ स्टेशनहून सरांना गाडीत घालून अमरावतीला न्यायचं, एवढं साधं होतं. पण क्रूझर घरून सुटणार होती आणि घरी सासूबाई होत्या. त्यांनी पहाटे उठून सरगुंडे केले होते. कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळून वाफवायची आणि आमरसात बुडवून खायची, हा आमच्याकडचा उन्हाळ्यातला मानाचा बेत. जावई आला की होतो.

"आई, ते परीक्षक आहेत! त्यांना जेवू घालायचं नसतं!"

"काहून? त्याले पोट नाई का?"

"नियम आहे!"

"तुमच्या नियमात उपाशी धाडतात का मानसाले? नाशकाहून आला तो. आपल्या उंबऱ्यावरून जेवल्याबिगर कोनी गेलं का आजपावतो? तू आत बस. मी पाह्यतो काय कराचं ते."

मी आत बसले. बेडरूमचं दार लावून, प्रबंध मांडीवर घेऊन, माझ्याच घरात लपून. लग्नाआधी पाहुणे बघायला आले होते तेव्हाही मी इतकी आत बसले नव्हते. बाहेरून आवाज येत होते. सरांचा आवाज बारीक आणि स्वच्छ होता. "मी फक्त चहा घेईन." सासूबाई म्हणाल्या, "चाहा तर घ्याच जी. मंग हातपाय धुवा. मंग जेवा." मग ताटाचा आवाज. मग कूलरचा घरघराट आणि त्यातून सरांचं "थोडंसंच," "नको नको," "अहो, खरंच पुरे."

माझ्या प्रबंधात एक वाक्य आहे. पाहुण्याचा पहिला 'नको' यजमान सौजन्य समजतो, दुसरा संकोच समजतो आणि तिसरा ऐकतच नाही. या वाक्यावर मी बरीच मेहनत घेतली होती. वडनेरे सरांनी ते नक्की वाचलं होतं. आता त्याच वाक्यात बसून ते जेवत होते.

"प्रतीक्षा! रस आन वं!"

मी दार घट्ट धरलं.

"प्रतीक्षा! पाहुण्याची वाटी रिकामी हाये!"

गेले. न जाऊन सांगते कुणाला? रसाचं पातेलं घेऊन मी बाहेर आले. सर म्हणजे सडपातळ, पांढरा शर्ट, पांढरे केस. आम्ही दोघांनीही नियम कसोशीने पाळला. मी वाटीकडे बघत होते, ते पंख्याकडे बघत होते. "पुरे," ते पंख्याला म्हणाले. सासूबाईंनी डोळ्यांनीच खुणावलं, वाढ. त्यांच्याकडे बघतच मी पळी कलती केली. पळीतला रस वाटीत न पडता सरांच्या छातीवर पडला.

आमरसाचा डाग काय असतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. सासूबाईंनी पदराने पुसून तो डाग खिशापासून पोटापर्यंत नेला. सरांच्या बॅगेत फक्त परतीच्या प्रवासाचा बनियन होता. शेवटी त्यांना योगेशचा शर्ट घालावा लागला. योगेशचं पोट आणि सरांचं पोट यांच्यात एक आख्खा माणूस मावेल. शर्टावर मोठाली निळी फुलं होती, कारण योगेशचे साधे शर्ट मी आदल्या दिवशी भिजत घातले होते. त्यात पाहुणा पहिल्यांदा घरी आलेला, म्हणून सासूबाईंनी त्यांना कुंकू लावलं, गळ्यात दुपट्टा घातला, डोक्यावर टोपी ठेवली आणि हातात नारळ दिला. सर एका शब्दाने बोलले नाहीत. मला वाटतं, तोंडात अजून सरगुंडे असावेत.

क्रूझरमध्ये सर मधल्या सीटवर, एका बाजूला योगेश, दुसऱ्या बाजूला खिडकीशी मोतीरामजी. मी सगळ्यात मागे, तोंडावर ओढणी घेऊन. वाटेतलं मूर्तिजापूरही आलं नव्हतं तेवढ्यात रस आणि सरगुंडे यांनी आपलं काम केलं. सरांची मान हळूहळू कलली आणि मोतीरामजींच्या खांद्यावर जाऊन विसावली. मोतीरामजींनी तोंडाशी आणलेला खोकला गिळला. त्यांचा हात बधिर झाला, त्यांच्या तोंडावर ऊन आलं, पण ते अमरावतीपर्यंत हलले नाहीत. बायका चिवडा खात हळू आवाजात म्हणत होत्या, "भल्ला गरीब मानूस हाये वं. उगाच भेत होती तू." मला मात्र त्या झोपेचीच भीती वाटत होती. जागा झाल्यावर हा माणूस काय करील?

कॉलेजच्या फाटकाशी धर्माळे सर उभे होते. त्यांनी वडनेरे सरांना खालून वर पाहिलं. टोपी, दुपट्टा, कुंकू, निळी फुलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, मी तुम्हाला त्यांना आणायला सांगितलं होतं. साखरपुडा उरकून आणलात का?"

पुढे कॉलेजची पाळी होती. सेमिनार हॉलला कुलूप होतं. किल्ली ज्यांच्याकडे असते ते शिपाई सकाळीच एका लग्नाला गेले होते. मे महिन्यात दुसरं काय होणार? दुसरा हॉल परीक्षेच्या पेपरांनी भरलेला. अखेर गृहविज्ञान विभागाची प्रयोगशाळा उघडली. तिथे गॅसच्या शेगड्या, कुकर, भिंतीवर पोषक आहाराचे तक्ते. वडनेरे सर आणि धर्माळे सर ओट्यामागे बसले, श्रोते स्टुलांवर. शेगडीशेजारी उभं राहून मी पीएच.डी. मिळवायची होती. योगेश म्हणाला, "हे बरं झालं. घरच्यासारखं वाटीन तुले." त्याच्याकडे बघायचंही बळ नव्हतं माझ्यात.

सरांनी टोपी काढून ओट्यावर ठेवली. प्रबंध उघडला. पानापानांवर पेन्सिलच्या खुणा होत्या. खरंच वाचला होता.

"सुरू करा, मॅडम."

मी उभी राहिले. "म्हणजे..." मी म्हणाले. पाण्याचा ग्लास उचलला. मागे खिडकीशी मोतीरामजी बधिर हात चोळत माझ्याकडेच बघत होते. "म्हणजे..." धर्माळे सरांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. आता तब्येतीचं कारणसुद्धा चालणार नाही.

वडनेरे सरांनी प्रबंध मिटला. "राहू द्या सादरीकरण. मी वाचलाय. मला एवढंच सांगा. पाचव्या प्रकरणात तुम्ही म्हणता की आग्रह हेच नासाडीचं मूळ आहे. आज सकाळी मी एका घरी जेवलो. इतका आग्रह मी जन्मात पाहिला नाही. तुमच्या सिद्धांताप्रमाणे त्या घरात बरीच नासाडी झाली असेल, नाही का?"

सगळ्या माना सासूबाईंकडे वळल्या. त्या स्टुलावर पाय अधांतरी सोडून बसल्या होत्या. त्यांना प्रश्न कळला नव्हता. आपल्या जेवणाची गोष्ट निघाली एवढं कळलं होतं, म्हणून त्या पदर सावरून खुशीत हसत होत्या.

आणि मला असा संताप आला म्हणून सांगू! हा माणूस माझ्या सासूच्या हातचं जेवला. पहाटे उठून वळलेले सरगुंडे खाल्ले. माझ्या नवऱ्याचा शर्ट अंगात घालून बसलाय. आणि चारचौघांत माझ्या सासूला नासाडी करणारी म्हणतो?

"नाही झाली!" मी इतक्या जोरात बोलले की एका कुकरचं झाकण खणकलं. "एक कण वाया नाही गेला, सर! तुमचं ताट मी स्वतः उचललं. चाटूनपुसून लख्ख होतं. वाटीत रसाचा थेंब नव्हता!"

स्टुलांवर हशा पिकला. सर लाल झाले, पण मागे हटले नाहीत. "मग तुमचं पाचवं प्रकरण?"

"ते चुकलं!" मी म्हटलं. धर्माळे सरांनी डोकं धरलं. पण मला आता कोणी थांबवू शकत नव्हतं, माझी प्रमाण मराठीसुद्धा नाही. "अजी सर, आग्रह करणारी बाई तुमच्या पुढ्यात बसून होती ना! तुमच्या ताटाकडं पाहून राहिली होती. किती खाता, कुठं थांबता, सगळं दिसत होतं तिले. तिच्यासमोर टाकाची हिंमत होती का तुमची? लग्नात तसं नसते. आग्रह करणारा दारात हात जोडून उभा राहतो, 'जेवून जा' म्हणतो अन् पुढच्या पाहुण्याकडं वळतो. वाढणारे केटररचे. ताट कोणीच पाहत नाही. मी इतक्या लग्नांत उभी राहिले, तर यजमान एकदाही ताटांच्या ढिगाकडं आलेला मले दिसला नाही. आग्रहानं अन्न जात नाही, सर. आग्रह करून माणूस निघून जाते, तवा जाते."

बोलून झाल्यावर मला धाप लागली होती. वडनेरे सरांनी पेन्सिल उचलली. "हे प्रबंधात का नाही?"

"आजच कळलं, सर. जेवताना."

"जेवत तर मी होतो."

"हो. पण तुमचं ताट मी पाहत होते."

मग त्यांनी प्रश्नांवर प्रश्न विचारले. वजन कसं घेतलं, पाण्याचं वजन कसं वगळलं, गरिबाच्या लग्नात काय दिसलं, श्रीमंताच्या लग्नात काय, बुफेत काय, पंगतीत काय. आणि मी सांगत गेले. मला बरं वाटत होतं. खरं सांगते, मजा येत होती. कुणीतरी माझा प्रबंध वाचला होता आणि त्याच्याशी मला भांडता येत होतं. इतकी वर्षं एकटीनेच खटपट केली होती मी.

शेवटी श्रोत्यांना विचारलं, कुणाला काही प्रश्न? मोतीरामजी उठले.

"प्रश्न नाई," ते म्हणाले. आवाज फलाटावरचा होता, पण मध्येच हलला. "माह्या पोरीच्या लग्नात मी दारातच होतो. सक्काळपासून. लोकाईच्या पाया पडलो, का जेवून जा म्हनून. आत काय होऊन राह्यलं ते पाहालेच भेटलं नाई मले. या बाईनं खरं सांगतलं. एवढंच बोलाचं होतं." आणि ते बसले. चिवडावाल्या वहिनींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण उमेदवाराने जागा सोडायची नसते.

वडनेरे सर आणि धर्माळे सर खाली मान घालून आपसांत काहीतरी कुजबुजले. मग वडनेरे सर उभे राहिले, निळ्या फुलांचा शर्ट नीट केला आणि गंभीर आवाजात वाचू लागले. सदर उमेदवाराने आपल्या संशोधनाचे समाधानकारक समर्थन केले असून, सुचवलेल्या सुधारणांच्या अधीन राहून, पदवी प्रदान करण्यात यावी अशी शिफारस विद्यापीठाकडे करण्यात येत आहे.

धर्माळे सरांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या मंडळींना टाळ्या वाजवायच्या की नाही ते कळेना. सगळे सासूबाईंकडे बघू लागले. सासूबाई स्टुलावरून उतरल्या आणि तडक ओट्यापाशी गेल्या, जिथे श्रोत्यांनी जायचं नसतं.

"ते कागदावरचं ऱ्हाऊ द्या जी," त्या वडनेरे सरांना म्हणाल्या. आणि तेव्हा मला दिसलं, त्यांचे हात कापत होते. सकाळपासून, पहाटेपासून ही बाई माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली होती आणि मला पत्ता लागू दिला नव्हता. "मले वाचता येत नाई. माही सून पास का नापास, तेवढं सांगा."

वडनेरे सरांनी कागद खाली ठेवला.

"पास, आई," ते म्हणाले. "पास झाली तुमची सून."